आठ महिने झाले, आता फिजिओ बंद करायचा का?

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहणाऱ्या ६३ वर्षांच्या वडिलांना (घरात त्यांना अण्णा म्हणतात) आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. बोलणं शाबूत आहे, माणसं ओळखतात. हातात काठी आणि सोबत कुणीतरी धरायला असलं तर घरातल्या घरात चालतात. डावा हात कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, खांदा दुखतो. आई त्यांना आंघोळ घालते, कपडे चढवते, भरवते. आठवड्यातून सहा दिवस घरी फिजिओथेरपिस्ट येतात, एका वेळचे ४०० रुपये. हा खर्च पुण्यात नोकरी करणारी मुलगी पाठवते. गेला महिनाभर फिजिओ आले की अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. भाऊ म्हणतो, ‘डॉक्टर सहा महिने महत्त्वाचे म्हणाले होते, ते गेले. आता पैसे कशाला घालवायचे?’ आई म्हणते, ‘त्यांना छळू नका.’ एक नातेवाईक लकव्याचं औषध देणाऱ्या गावाला नेऊ म्हणून मागे लागले आहेत. मुलगी विचारते, ‘फिजिओ बंद करू की सक्तीने चालू ठेवू? मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी अण्णांना म्हणाले, तुम्ही प्रयत्नच करत नाही. फोन ठेवल्यावर खूप रडले.’

प्रिय ताई,

तुमच्या भावाच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण फिजिओथेरपीच्या कामात अठ्ठावीस वर्षं ते वाक्य मी घराघरांतून ऐकत आले आहे. डॉक्टर सांगतात, पहिले सहा महिने महत्त्वाचे. घरच्यांच्या मनात राहतं ते असं की सहा महिन्यांनंतर काही व्हायचं नाही. झटका आल्यावर मेंदूतली सूज हळूहळू उतरते, इजा झालेल्या जागेच्या आसपासचा थिजलेला भाग पुन्हा कामाला लागतो. म्हणून पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा भराभर दिसते, काही वेळा फारसं काही न करताही दिसते. पुढे हा आपोआपचा जोर ओसरतो आणि जे मिळवायचं ते सरावाने मिळवावं लागतं. वेग नक्की कमी होतो, पण मेंदूचं शिकणं थांबत नाही.

याला आधार आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ‘एक्साइट’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले २२२ रुग्ण झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या टप्प्यातले होते, म्हणजे अण्णांसारखेच. काहींच्या चांगल्या हातात दिवसाचा बहुतेक वेळ जाड मोजा घालून तो हात वापरातून काढला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून कामं करवून घेतली. वर्षभराने पाहिलं तरी त्यांचा तो हात बाकीच्यांपेक्षा जास्त वापरात होता. हा प्रयोग अण्णांवर घरी करू नका. ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उघडतात त्यांच्यासाठीच तो आहे, आणि अण्णांची मूठ मिटलेली आहे. मी एवढंच सांगते आहे की आठव्या महिन्यातही माणूस शिकतो.

पण तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही. आठ महिन्यांनी मूठ मिटलेली असेल तर तो हात पूर्वीसारखा होण्याची शक्यता कमी असते. तो मदतीचा हात मात्र होऊ शकतो. कागद दाबून धरणारा, ताट सरकू न देणारा, बाहीत नीट शिरणारा. स्नायू फार ताठरले असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांना बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्याने ताठरपणा साधारण तीन महिने सैलावतो आणि तेवढ्या काळात व्यायाम करून घेतला तरच त्याचा फायदा. हाताच्या मानाने उठणं, तोल सांभाळणं, चालणं, संडासला एकट्याने जाणं यांत अजून बरीच जागा आहे, आणि माझ्या मते तुमच्या घराचं सगळं लक्ष चुकून हाताकडे लागलं आहे.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यात आईचं म्हणणं आहे, भावाचं आहे, नातेवाइकांचं आहे. अण्णांचं एकही वाक्य नाही. त्यांना काय करता यायला हवं आहे हे गेल्या आठ महिन्यांत कुणी त्यांना विचारलं आहे का? मी ‘बरं व्हायचंय का’ असं विचारायला सांगत नाही, त्याला कोण नाही म्हणेल? साधं विचारा: ‘अण्णा, कुठली एक गोष्ट स्वतःची स्वतः जमली तर तुम्हाला बरं वाटेल?’ बहुतेक पुरुष माझ्याशी आधी काही बोलत नाहीत, आणि मग हळूच सांगतात, संडास. रात्री बायकोला उठवायला लागू नये. कुणी म्हणतं, पारापर्यंत जाऊन बसायचंय. एकदा ती गोष्ट कळली की व्यायामाला अर्थ येतो. पाय वीस वेळा का उचलायचा, तर उंबरा ओलांडायचा आहे म्हणून.

आता ते भिंतीकडे तोंड का करतात ते पाहू. तुम्ही याला प्रयत्न न करणं म्हणालात. मला त्याआधी तीन गोष्टी तपासाव्याशा वाटतात.

पहिली खांद्याची. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताचं वजन सांध्यावर लोंबकळतं. अशा माणसाला उठवताना आपण त्याचा तोच हात धरून ओढतो किंवा काखेत हात घालून उचलतो. रोज असे दहा-बारा हिसके बसतात. काही घरांत दाराच्या चौकटीला कप्पी टांगून चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायला लावतात. अर्धांगवायूच्या खांद्यासाठी कप्पीचा व्यायाम करू नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्याकडे कप्पी असेल तर आजच काढायला सांगा. मऊ चेंडू दाबत बसण्याचंही तसंच आहे. मिटणारी मूठ आणखी मिटायला शिकवून काय मिळणार? अण्णांना उघडण्याचा सराव हवा आहे. रोज चाळीस मिनिटं दुखणार हे माहीत असलेला माणूस भिंतीकडे वळणारच.

दुसरी मनाची. झटका आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते, नुसतं परिस्थितीचं दुःख नसतं. झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, नातवंडं आली तरी न हसणं, ‘मी ओझं झालोय’ असं म्हणणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यावर औषध आहे.

तिसरी गोष्ट घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. डावी बाजू जाते तेव्हा इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला झालेली असते, आणि अशा काही रुग्णांना डावीकडचं जगच जाणवेनासं होतं. डोळे ठीक असतात, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. दाढी करताना डावा गाल राहून जातो, चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो. ओळखायची एक सोपी खूण आपल्या ताटात आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण डावीकडे वाढतो. ते सगळं जसंच्या तसं राहतं का? तुमच्या घरात हे कुणाला दिसलेलं नसणार, कारण आई भरवतात.

इथे थांबून एक विचारते. अण्णांचा उजवा हात धडधाकट आहे. ते उजव्याच हाताने जेवत असत. मग आई भरवतात का?

आईंना दोष देत नाही. ज्या बाईने नवऱ्याला दवाखान्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत पाहिलं तिला त्याच्या तोंडात घास घालण्यात मोठा दिलासा असतो. पण दिवसभरात अण्णांना स्वतः करता येण्याजोगं जे जे आहे ते आई आधीच करून टाकतात, आणि मग संध्याकाळी फिजिओ येऊन त्यांच्याकडून मुद्दाम हालचाली करवून घेतात. जेवण, कपडे, पलंगावरून उठणं, खुर्चीत बसणं, हीच तर फिजिओथेरपी. चाळीस मिनिटं मिळतात ती शिकण्यासाठी. सराव उरलेल्या दिवसात व्हायचा असतो.

माझ्या एका रुग्णाची आठवण सांगते. निवृत्त शिक्षक, त्यांचीही डावी बाजू गेलेली. शर्ट स्वतः घालायचा असं आम्ही ठरवलं. दुबळा हात आधी बाहीत घालायचा, बाही थेट खांद्यापर्यंत चढवायची, मग शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलट, चांगला आधी, दुबळा शेवटी. बटणं खालून वर लावायची, म्हणजे जोड्या चुकत नाहीत. पहिल्या दिवशी पहिल्या बटणाला चार मिनिटं लागली. त्यांची पत्नी समोर बसलेली, हात सारखे पुढे यायचे, डोळ्यांत पाणी. मी त्यांना कापूस आणून दिला आणि म्हटलं, सरांची बटणं लागेपर्यंत तुम्ही वाती वळा, हात उचलायचा नाही. त्या दिवशी पन्नासेक वाती झाल्या असतील. दीड महिन्याने त्या मला म्हणाल्या, आता शर्ट होईपर्यंत दहासुद्धा होत नाहीत. तुमच्या आईंना हे सांगून पाहा. ‘मदत करू नका’ असं सांगितलं तर त्या दुखावतील. हाताला दुसरं काम दिलं तर कदाचित जमेल.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांनी शिका, खुर्चीतून उठणं. खोल सोफा नको, हातांची कडक खुर्ची घ्या. अण्णांनी कडेवर पुढे सरकायचं, दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित मागे, म्हणजे डाव्या पायावर भार येतो. मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि उठायचं. आपण धरून वर ओढतो तेव्हा ते मागे रेलतात आणि अंग जड होतं. झुकू दिलं की अर्धं काम आपसूक होतं. मदत करणाऱ्याने डाव्या बाजूला उभं राहून कमरेला धरावं, हाताला नाही. दिवसातून किती वेळा करायचं ते फिजिओ ठरवतील, पण प्रत्येक जेवणाआधी चार-पाच वेळा केलं तरी दिवसाकाठी बरीच मोजणी होते. ही मोजणी महत्त्वाची आहे. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फिजिओच्या सत्रांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. हाताने काही उपयोगाचं काम करण्याचा सराव ज्या सत्रांत झाला तिथेही तो सरासरी ३२ वेळाच झाला होता. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसायला शेकड्यांनी आवर्तनं लागतात. तिकडच्या मोठ्या केंद्रांत ही स्थिती, मग आपल्याकडच्या चाळीस मिनिटांवर किती भिस्त ठेवणार?

आता फिजिओंबद्दल. तुम्ही लिहिलंय की पंधरा मिनिटं करंट देतात आणि मग ते स्वतः अण्णांचे हातपाय हलवतात. सांधे आखडू नयेत म्हणून असं हलवणं लागतं. करंटचाही उपयोग आहे, पण रुग्ण त्याच वेळी स्वतः हालचालीचा प्रयत्न करत असेल तर. माणूस आढ्याकडे बघत पडलाय आणि यंत्र चाललंय, यातून मेंदू फारसं शिकत नाही. फिजिओंशी भांडू नका, मोकळेपणाने विचारा: पुढच्या महिन्यात अण्णांना आज येत नाही असं काय यायला हवं? ते आपण कसं मोजणार? दिवसभरात घरच्यांनी काय करून घ्यायचं आणि काय टाळायचं? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी खूश होतो. ते नुसतं ‘हळूहळू फरक पडेल’ म्हणत राहिले तर दुसरा पाहा, शक्यतो मेंदूविकारांच्या रुग्णांचा अनुभव असलेला. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. तो क्रमांक विचारण्यात संकोच नको.

म्हणजे बंद की चालू? माझं मत असं की बंद करू नका, घडी बदला. महिन्याला दहा हजारांवर खर्च होतोय. तेवढ्याच किंवा त्याहून कमी पैशांत आठवड्याला तीन वेळा, पण तासभराचं सत्र मागा. त्यात वहिनी किंवा भाऊ हजर हवेत, कारण मधल्या दिवसांत तेच करून घ्यायचं आहे. फिजिओ अजिबात नको, सगळं घरीच करू, असंही मी सांगणार नाही. आपल्या देशात १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला, अभ्यासाचं नाव ‘अटेंड’, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना शिकवून घरी व्यायाम करवून घेतला, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण दोन्हीकडे सारखेच होते, ४७ टक्के. घरच्यांची माया आणि थोडं प्रशिक्षण यांनी तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही असाच मी त्याचा अर्थ लावते. दोघं हवेत, आणि कुणी काय करायचं ते ठरलेलं हवं.

अण्णांसाठी एक सुचवते, कारण त्यांचा पेशा वाचून मला राहवत नाही. आयुष्यभर त्यांनी उसाच्या गाड्यांची वजनं नोंदली. एक लांब वही द्या आणि त्यांची त्यांनाच नोंद करू द्या: तारीख, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला किती सेकंद, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठले, शर्टाला किती मिनिटं. पानाच्या डाव्या कडेला लाल पेनने ठळक उभी रेघ मारा आणि प्रत्येक ओळ त्या रेघेपासून सुरू करायला सांगा. डावीकडे लक्ष जात नसेल तर ही रेघ नजरेला तिकडे ओढते, थेरपीतही हीच युक्ती वापरतात. आकडा पुढे सरकतोय की अडकलाय हे त्यांना स्वतःला दिसेल. सलग दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर त्या वेळी फिजिओ कमी करण्याचा निर्णय घ्या, आणि तो अण्णांना विचारून घ्या.

नातेवाइकांच्या औषधाबद्दल थोडक्यात. अण्णांना घेऊन जाऊ नका. कबुतराचं रक्त चोळणं, डाग देणं, कसलीशी पुडी देऊन चालू गोळ्या बंद करायला लावणं, हे सगळं मी पाहिलं आहे. ज्या बाजूला संवेदना कमी तिथे चटका बसला तरी माणसाला कळत नाही. गरम विटेचा किंवा पिशवीचा शेकसुद्धा आधी आपल्या हाताला लावून पाहिल्याशिवाय देऊ नका. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, कारण एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका असतो. तोंड वाकडं झालं, हात एकदम गळाला, बोलणं अडखळलं तर गावात वाट पाहू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो. जवळचं कुठलं रुग्णालय हे करतं ते आजच शोधून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

खर्चाचा ताण असेल तर जिल्हा रुग्णालयांत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत कमी पैशांत उपचार होतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची १९५५ पासूनची पुनर्वसन संस्था आहे. तिथे एकदा सगळी तपासणी करून आराखडा घेऊन यावा आणि तो गावच्या फिजिओंना द्यावा, असं पुष्कळ कुटुंबं करतात. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सवलती मिळतात. प्रमाणपत्र काढणं म्हणजे आशा सोडणं असं बऱ्याच घरांत वाटतं. तसं काही नाही, अर्ज करा.

हे उत्तर ज्यांच्या घरी गुडघ्याचं ऑपरेशन किंवा मोडलेलं हाड आहे तेही वाचतील. तुमची घाई वेगळी. गुडघा बदलल्यावर पहिल्या आठवड्यांत तो पूर्ण सरळ आणि पुरेसा वाकता झाला नाही तर नंतर फार झगडावं लागतं. दुखतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन पडू नका, तो वाकलेलाच आखडतो. दुखण्याची गोळी व्यायामाच्या आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. पण रोजचं काम हाच सराव, ही गोष्ट तुमच्याकडेही तशीच लागू आहे.

ताई, तुम्ही रडलात त्याबद्दल. रागाने बोललात कारण दीडशे किलोमीटरवरून पैसे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही याची तुम्हाला चीड आली असणार. अण्णांना सांगा की त्या दिवशी चुकले, मला भीती वाटली होती. आणि येत्या रविवारी व्यायाम केला का हे विचारूच नका. वहिनींना सांगा, फोन अण्णांच्या समोर धरायचा नाही, एका डब्याला टेकवून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायचा. तुम्ही हाक मारा. त्यांना मान वळवून तुम्हाला शोधायला वेळ लागेल. तोवर काही बोलू नका, थांबा.